कोल्हापुरात बसून सायबेरियाचे खडक कसे वाचावेत

सायबेरियाच्या खनिजांची यादी पाठ करायला घेऊ नका. नोरिल्स्कला निकेल, मिर्नीला हिरे, कोलिमाला सोनं, तुंगुस्काला कोळसा, अशी यादी स्पर्धा परीक्षेच्या पोरांच्या वहीत मी किती वेळा बघितली आहे. पेपर झाला की आठवड्यात ती डोक्यातून जाते. जाणारच, कारण त्यात 'का' कुठंच नसतो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडं हीटचा, म्हणजे भट्टीच्या एका खेपेचा, रिपोर्ट विचित्र आला की पहिला प्रश्न एकच असतो: चार्ज काय टाकला होता? पिग आयर्न किती, भंगार कुठलं, कोक कसा होता. भट्टी तीच, माणसं तीच, पण आत काय पडलं त्यावर बाहेर काय उतरणार हे ठरतं. सायबेरियाकडं मी याच नजरेनं बघायला शिकले आणि तो अवाढव्य, गोठलेला मुलूख एकदम सुटसुटीत वाटायला लागला. तुम्हीही तसंच बघावं म्हणून हे लिहिते आहे. भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. कोल्हापूरचा माणूस असाल तर अर्धा अभ्यास पायाखालीच आहे.

कारण असं: आपण ज्या काळ्या दगडावर राहतो तो दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून झालेला. येनिसेई आणि लेना या नद्यांच्या मधला सायबेरियाचा मोठा भागही तसाच लाव्हानं झाकला गेला, फक्त फार आधी, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी. त्याला सायबेरियन ट्रॅप म्हणतात, आपल्याकडच्याला डेक्कन ट्रॅप. तेव्हा आधी घरचा ट्रॅप हातात घ्या, मग तिकडं जाऊ.

सामान आणि घरचा दगड

दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक जोरकस लोहचुंबक, बाथरूमच्या टाइलचा तुटका तुकडा (मागची खरखरीत बाजू कामाची), भाजीवाल्यांकडं असतो तसला हुकाचा ताणकाटा, दोरी, बादली आणि व्हिनेगरची बाटली. हातोडी घेतलीत तर डोळ्यांना गॉगल हवाच, बेसाल्टची कपची काचेसारखी उडते. पन्हाळ्यावर, जोतिबावर किंवा कुठल्याही जुन्या बांधकामाजवळ हातोडी पिशवीतून काढायची नाही. दगड हवा असेल तर मालकाला विचारून खडी क्रशरवरून आणा, नाहीतर रस्त्याच्या कामाच्या ढिगातून उचला.

ताजी फोड भिंगाखाली धरा. काळसर राखाडी, बारीक दाणा, उन्हात फिरवला की मधूनमधून लांबट पांढुरके स्फटिक चमकतात. तो फेल्डस्पार. दोरीला लहान चुंबक टांगून दगडाजवळ नेलात तर तो हलकासा ओढला जातो, कारण आत मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण आहेत. आता वजन. ताणकाट्याला दगड टांगून आकडा लिहा, मग तसाच टांगलेला बादलीतल्या पाण्यात बुडवून पुन्हा लिहा. पहिल्या आकड्याला दोन्हीतल्या फरकानं भागा. २.८ ते ३ च्या आसपास आलं तर बेसाल्ट. ही युक्ती नीट हातात बसवा, पुढं तिच्यावरच बरंच काही उभं आहे.

दगडात पोकळ्या दिसल्या तर सोडू नका. लाव्हात अडकलेल्या वायूच्या त्या जागा, मागाहून पाण्यातून बसलेल्या खनिजांनी भरलेल्या. झिओलाइट असेल तर मोत्यासारखी चमक देणारे पापुद्रे किंवा सुयांचे झुबके, कॅल्साइट असेल तर तिरप्या चौकोनी फोडी. कॅल्साइटवर व्हिनेगर टाकलं की बारीक बुडबुडे येतात, दगडाची थोडी पूड करून टाकलंत तर जास्त. एखादी फोड अगदी नितळ मिळाली तर ती वर्तमानपत्राच्या ओळीवर ठेवा. एक ओळ दोन दिसते. या नितळ कॅल्साइटला आइसलँड स्पार म्हणतात. सायबेरियाच्या ट्रॅपमध्येही त्याच्या खाणी निघाल्या आणि सूक्ष्मदर्शकाच्या प्रिझमसाठी तो स्फटिक वापरला गेला. म्हणजे दोन मुलखांतलं हे पहिलं साम्य तुमच्या तळहातावरच आलं.

एक रविवार पन्हाळ्याला द्या, आणि जमलं तर मसाई पठाराला. चढताना काळा कातळ, माथ्यावर मात्र तांबडा, भोकाभोकांचा जांभा. तोच बेसाल्ट लाखो वर्षं ऊन आणि पावसानं कुजला, त्यातला सिलिका धुऊन गेला, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागं राहिलं. जिथं अ‍ॅल्युमिनियम जास्त साचलं तिथं बॉक्साइट. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड इकडच्या माथ्यांवरचा बॉक्साइट असा आलेला आहे. सायबेरियातल्या पुतोराना पठाराचे माथेही असेच सपाट आणि पायऱ्यापायऱ्यांचे, सगळ्यात उंच जागा सुमारे १७०० मीटर, २०१० पासून जागतिक वारसा यादीत. पण तिथं माथ्यावर जांभ्याची टोपी नाही. थंडीत दगड कुजत नाही, तो फुटतो. फटीत शिरलेलं पाणी गोठून फुगतं आणि कातळ उकलतो. सॅटेलाइट नकाशावर ६९ अंश उत्तर, ९४ अंश पूर्व टाका. कड्यांच्या खाली दगडांचे घसारे आणि मध्ये लांबलचक तळी दिसतील. मग त्याच पडद्यावर गगनबावडा उघडा. कडे ओळखीचे वाटतात, उतारावरचं सगळं वेगळं.

वहीत तीन मजले काढा

आता पेन्सिल घ्या. आडव्या दोन रेघा मारून पानाचे तीन मजले करा.

तळमजला म्हणजे फार जुना ग्रॅनाइट आणि नाइस (उष्णता आणि दाबानं बदललेला पट्टेदार खडक). सायबेरियात तो अल्दान आणि अनाबार या दोन ठिकाणी उघडा पडला आहे, बाकी ठिकाणी गाडलेला. काही भाग २५० कोटी वर्षांहून जुना. आपल्याकडंही तो आहे. कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी बोअर घेतलं तेव्हा ९३२ मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर असाच खडक लागला. चंदगडकडून बेळगाव-गोव्याच्या बाजूला गेलात की बेसाल्ट संपत येतो आणि जुना खडक वर यायला लागतो.

मधला मजला गाळाचा: चुनखडी, वालुकाश्म, मीठ, जिप्समच्या जातीचं अ‍ॅनहायड्राइट आणि कोळसा. सायबेरियात हा मजला किलोमीटर-किलोमीटर जाड आहे. आपल्या कोल्हापूरच्या बाजूला तो फार किरकोळ, आणि मिठाचे जाड थर तर नाहीतच. हा फरक लाल पेनानं लिहून ठेवा. सगळी गोष्ट इथं फिरते.

वरचा मजला ट्रॅप. दोन्हीकडं आहे. पण दख्खनमध्ये बहुतेक लाव्हा वर येऊन पसरला, तर सायबेरियात शिलारसाचा मोठा वाटा वर न येता मधल्या मजल्यातच आडवा घुसला, थरांच्या मध्ये पाचरी मारल्यासारखा. म्हणजे तो मीठ, अ‍ॅनहायड्राइट आणि कोळसा यांच्यात कित्येक वर्षं तापत पडून राहिला. आमच्या भाषेत, चार्ज आयता मिळाला.

इथून पुढं प्रत्येक खनिजाला दोनच प्रश्न विचारायचे. कुठल्या मजल्यावर तयार झालं? आणि शिलारसाला वाटेत काय मिळालं?

नोरिल्स्क: गंधक मिळाला तेव्हा

साध्या बेसाल्टमध्ये निकेल असतोच, पण दहा लाख भागांत शंभराच्या आसपास. तो खाणीतून काढणं कुणाला परवडणार नाही. नोरिल्स्क आणि शेजारच्या तालनाखच्या धातुकात मात्र निकेल काही टक्के आहे. त्याच्यासोबत तांबं, आणि जगातल्या नव्या पॅलेडियमपैकी सुमारे ४० टक्के याच भागातून येतं. एवढं कोणी गोळा केलं?

गंधकानं. वर येणारा शिलारस अ‍ॅनहायड्राइटच्या थरांतून गेला, तो थर त्यानं विरघळवून घेतला आणि त्यातला गंधक त्याच्यात आला. शिलारसात मावेल त्याहून गंधक जास्त झाला की तो वेगळा होतो, सल्फाइडचे, म्हणजे गंधक आणि धातूच्या संयुगाचे, थेंब बनतात. पाण्यात तेल मिसळत नाही, तसा हा द्रव सिलिकेटच्या, म्हणजे बाकीच्या शिलारसाच्या, द्रवात मिसळत नाही. निकेल, तांबं, प्लॅटिनम, पॅलेडियम या सगळ्यांना सिलिकेटपेक्षा सल्फाइडची ओढ कितीतरी जास्त. त्यामुळं आजूबाजूच्या शिलारसातला धातू या थेंबांत ओढला गेला. थेंब जड, शिलारसाच्या जवळपास दीडपट. ते तळाला बसले आणि तिथंच थिजले. त्या खडकांतल्या गंधकाच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं तेव्हा तो बराचसा गाळाच्या थरांतून आल्याचं दिसलं.

आमच्या कामात गंधक हा शत्रू. एसजी आयर्न (गोल ग्रॅफाइटचं चिवट बीड) ओतायचं तर मॅग्नेशियमची ट्रीटमेंट देताना मॅग्नेशियम आधी गंधकालाच जाऊन चिकटतं आणि त्याची मळी वर येते. तिथं द्रव धातू जड म्हणून मळी तरंगते. नोरिल्स्कला गंधकवाला द्रवच जड, म्हणून तो खाली गेला. नियम एकच: दोन द्रव मिसळत नसतील तर जड तो तळाला, आणि प्रत्येक मूलद्रव्य आपल्या आवडीच्या द्रवात जातं. ज्यानं एकदा लॅडलवरची (वितळलेला धातू ओतायच्या भांड्यावरची) मळी ओढली आहे त्याला ही खाण समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात. आमच्या शॉपफ्लोअरवरच्या पोरांना मी हे सांगितलं आहे, आणि कॉलेजच्या पोरांपेक्षा त्यांना ते लवकर कळतं.

धातुक ओळखायचं असेल तर तीन नावं लक्षात ठेवा. पायरोटाइट, कांस्यासारखा तपकिरी, चुंबकाला थोडा ओढला जाणारा. पेंटलांडाइट, निकेलचा खरा साठा, रंगानं जवळपास तसाच पण चुंबकाला दाद न देणारा. आणि कॅल्कोपायराइट, पितळी पिवळा, टाइलवर घासला की हिरवट काळी रेघ. हा शेवटचा नमुना भारतातही सहज मिळतो. एक तुकडा जवळ ठेवा आणि ताणकाट्यावर त्याची घनता काढा, ४.२ च्या आसपास येते. मग बेसाल्टचा तेवढाच तुकडा दुसऱ्या हातात धरा. थेंब तळाला का बसले ते हाताला कळेल.

या खाणींचा इतिहास वगळून निकेल शिकवू नये असं माझं ठाम मत आहे. १९३५ साली नोरिल्स्कची सुरुवात कैद्यांच्या छावणीनं झाली. ध्रुववृत्ताच्या वर, ६९ अंश अक्षांशावर, खाणी आणि शहर कैद्यांनी उभं केलं. १९५३ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. आजही बाकीच्या रशियातून तिथं रस्ता जात नाही, माल येनिसेईवरच्या दुदिन्का बंदरातून जातो. आणि धातुकातला तोच गंधक भट्टीत जळून हवेत गेला, त्यानं शहराभोवतीचं जंगल कित्येक किलोमीटर वाळवलं. नेनेत्स, डोल्गान, न्गानासान, एव्हेंक हे रेनडियर पाळणारे लोक त्या भागात आधीपासून राहतात. नकाशावर खाणीचं चिन्ह काढाल तेव्हा त्यांची नावंही लिहा.

कोळसा मिळाला तेव्हा

हा माझा आवडता भाग, म्हणून जरा सावकाश सांगते.

येनिसेईच्या पूर्वेला तुंगुस्काचं प्रचंड कोळसा खोरं आहे. शिलारस या कोळशाच्या थरांत घुसला. हवा नसताना कोळसा अतिशय तापला की त्यातले वायू निघून जातात आणि कार्बनची रचना बदलते, ग्रॅफाइट होतो. कुरेइका नदीवरचा आणि नोगिन्स्कचा ग्रॅफाइट असा ट्रॅपच्या उष्णतेनं झालेला आहे.

ग्रॅफाइट बघायला मात्र सायबेरियात जायची गरज नाही, आणि पेन्सिल सोलायचीही नाही. उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये बिडाचा तुटका तुकडा मागा. आम्ही लॅबमध्ये तो आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरवर घासतो, शेवटी मखमली कापडावर आरशासारखा करतो आणि शंभरपट मोठा करून बघतो. पांढऱ्या मैदानावर काळ्या, वाकड्यातिकड्या रेघा दिसतात. त्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या कडा. एसजी आयर्न असेल तर रेघांऐवजी गोल काळे ठिपके, भिंग चांगलं असेल तर ठिपक्यात मध्यापासून निघालेल्या आऱ्याही. घरी एवढं जमणार नाही, पण बिडाची ताजी फोड बोटानं चोळा. बोट काळं होतं. तो ग्रॅफाइट.

याहून मोठी गोष्ट पुढं आहे. पृथ्वीच्या पाठीवर धातूरूपातलं लोखंड निसर्गात जवळपास सापडत नाही. जे मिळतं ते बहुतेक उल्कांचं. बेसाल्टमध्ये लोह भरपूर, पण ते ऑक्सिजनशी बांधलेलं. सायबेरियन ट्रॅपच्या काही घुसखोर खडकांत मात्र खरंखुरं लोखंड मिळतं, ठिपक्यांपासून मोठ्या गोळ्यांपर्यंत, आणि तसंच ग्रीनलंडच्या डिस्को बेटावर. दोन्हीकडं कारण एकच सांगितलं जातं: शिलारसानं कोळशासारखे कार्बनचे थर गिळले, कार्बननं लोहाचा ऑक्सिजन काढून घेतला आणि लोखंड मोकळं झालं. कोळसा, लोहाचं ऑक्साइड, उष्णता. ब्लास्ट फर्नेसमध्ये धातुकाचं लोखंड होतं ते याच नियमानं. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा शिफ्ट संपल्यावरही मी खुर्चीतून उठले नव्हते. माणसानं भट्टी बांधायच्या पंचवीस कोटी वर्षं आधी हे होऊन गेलेलं आहे.

पण जळलेल्या कोळशाचा वायू कुठं गेला, तेही विचारा. हवेत गेला. कोळसा, मीठ, अ‍ॅनहायड्राइट तापून निघालेले कार्बन डायऑक्साइड, क्लोरीनची संयुगं आणि गंधकाचे वायू अतोनात प्रमाणात बाहेर पडले. त्याच सुमाराला, पर्मियन काळाच्या शेवटी, समुद्रातल्या बहुतेक जाती नष्ट झाल्या. पृथ्वीवर जीवांचा एवढा मोठा संहार दुसरा झालेला नाही. ज्या चार्जनं निकेल आणि ग्रॅफाइट दिले त्याचाच हा धूर. वहीत दोन्ही गोष्टी एकाच पानावर असू द्या.

दक्षिणेला, इर्कुत्स्ककडं, शिलारस जुन्या मिठाच्या थरांतून गेला. खाऱ्या गरम पाण्यात लोह विरघळून वर आलं आणि नळीसारख्या फुटलेल्या जागांत मॅग्नेटाइट होऊन बसलं. कोर्शुनोवोची लोहखाण ती. दोन प्रश्नांची उत्तरं तुम्हीच आता देऊ शकता, म्हणून इथं थांबत नाही.

हिरे: नदीची वाळू धुऊन माग काढणं

हिऱ्याला ट्रॅपचं काही देणं नाही. तो तळमजल्याच्याही खाली, दीडशे किलोमीटरहून खोल, फार जुन्या आणि जाड खंडाच्या बुडाशी तयार होतो. किंबरलाइट नावाचा शिलारस तिथून वेगानं वर फुटतो आणि वाटेत हिरे उचलून आणतो. त्याची थिजलेली उभी वाट म्हणजे नळी. ईशान्य सायबेरियातल्या याकुतियातली मिर नळी सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे ट्रॅपच्या आधीची. म्हणूनच काही भागांत मागाहून आलेल्या ट्रॅपनं किंबरलाइटवर झाकण घातलं आणि शोध अवघड केला. जुना जाड खंड ही अट आहे, हे पक्कं धरा. आपल्या खाली जो धारवाडचा जुना खंड आहे, त्याच्याच पूर्वेकडच्या भागात, आंध्रातल्या वज्रकरूरला किंबरलाइट आहे.

शोध कसा लागला ते शिकण्यासारखं आहे, कारण ती पद्धत तुम्ही पंचगंगेवर करून बघू शकता. तैगाच्या दलदलीत हिरा शोधणं अशक्य, तो फारच दुर्मीळ. पण किंबरलाइटमध्ये पायरोप नावाचा डाळिंबी लाल गार्नेट भरपूर असतो. नताल्या सार्साद्स्कीख आणि लारिसा पोपुगायेवा या लेनिनग्राडच्या भूशास्त्रज्ञ बायकांनी ठरवलं की हिऱ्याच्या मागं न लागता पायरोपच्या मागं जायचं. नदीची वाळू धुवायची, लाल दाणे मोजायचे, वर सरकायचं, पुन्हा धुवायची. दाणे वाढतात त्या ओढ्यानं जायचं. २१ ऑगस्ट १९५४ ला पोपुगायेवा दाल्दिन नदीच्या खोऱ्यात झार्नित्सा नळीवर पोचल्या. सोव्हिएत संघातली ती पहिली किंबरलाइट नळी. पुढच्याच वर्षी मिर आणि उदाच्नाया सापडल्या. १९५७ मध्ये या हिऱ्यांसाठी लेनिन पुरस्कार दिला गेला, त्या यादीत पोपुगायेवांचं नाव नव्हतं. पद्धत त्या दोघींची, हे प्रत्येक वर्गात सांगितलं गेलं पाहिजे.

आता आपली नदी. पावसाळा उतरल्यावर, पाणी गुडघ्याच्या खाली आल्यावर जा, आणि एकटं जाऊ नका. जागा निवडणं हेच खरं काम. पाण्याचा वेग जिथं मंदावतो तिथं जड दाणे पडतात: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या पाठीमागं, कातळाच्या भेगेत. भेगेतली वाळू चमच्यानं खरवडून घ्या. जर्मनची मोठी परात अर्धी भरा, पाण्याखाली धरून आधी हातानं कालवा, गढूळ पाणी सोडा, खडे उचलून टाका. मग परात किंचित पुढं कलवून गोल हलवत राहा. हलका दाणा कडेवरून निघून जातो. घाई केलीत तर जडही जातो, म्हणून शेवटची मूठभर वाळू उरली की अगदी थेंबाथेंबानं पाणी फिरवा. परातीच्या कडेला काळी चंद्रकोर उरते.

ती वाळवून कागदावर पसरा. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवा. काळे दाणे उडी मारून चिकटतात. पिशवी उलटी करून चुंबक काढून घेतला की ते दुसऱ्या कागदावर पडतात, नाहीतर चुंबकावरून दाणे सोडवता सोडवत नाहीत. हे मॅग्नेटाइट, घनता ५.२, सह्याद्रीच्या बेसाल्टमधून आलेलं. उरलेल्यात भिंगानं बघा: हिरवट काळे आखूड दाणे पायरॉक्सीनचे. पायरोप मिळणार नाही, कारण वर किंबरलाइट नाही. आपल्या नदीची वाळू आपल्या डोंगराचं नाव सांगते, दाल्दिनची वाळू तिच्या डोंगराचं. तीन-चार ओढ्यांची वाळू धुऊन प्रत्येकाची काळी चंद्रकोर वेगवेगळ्या डबीत, जागा लिहून ठेवा. कुठल्या ओढ्यात काळं जास्त येतं हे दिसायला लागलं की माग काढणं म्हणजे काय ते कळलं.

मिर नळीची खाण बघायची तर नकाशावर ६२.५ अंश उत्तर, ११४ अंश पूर्व. ५२५ मीटर खोल आणि सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद खड्डा, शेजारी मिर्नी गाव. शहराच्या कडेला एवढं भोक दुसरीकडं दिसणं कठीण.

गोठलेली जमीन

सोन्याचं थोडक्यात सांगते. कोलिमाचं सोनं नदीच्या गोट्यांत मिळालं आणि ते परातीच्या त्याच नियमानं साचलेलं. सोन्याची घनता १९.३, म्हणजे ते सगळ्यात आधी थांबतं. १९२८ मध्ये युरी बिलिबिन यांच्या मोहिमेनं तिथला साठा उजेडात आणला, आणि त्यानंतर छावण्या आल्या, माणसं थंडीत आणि उपाशी मेली. गोटे आणि वाळू मात्र तिथं सुटी नसते. ती बर्फानं सिमेंटसारखी बांधलेली, उन्हाळ्यात वरचा थोडाच थर सुटतो. जुने खाणकामगार रात्रभर लाकडं पेटवून जमीन वितळवायचे आणि सकाळी तेवढीच खणायचे.

ही गोठण किती खोल, याची कल्पना विहिरीवरून येते. आपल्याकडं विहीर काढताना माती, मुरूम, मग कातळ, आणि भेग लागली की पाणी. याकुत्स्कमध्ये शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्यानं १८२८ पासून पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. १८३७ पर्यंत ११६ मीटर खाली गेले, तरी जमीन गोठलेलीच. पाणी लागलं नाही, पण गोठण एवढी खोल असते याचा तो पहिला मोठा पुरावा ठरला आणि शास्त्रज्ञांनी तिथं तापमान मोजलं. याकुतियाच्या काही भागांत ती किलोमीटरहून खोल आहे. घरं खांबांवर बांधतात, नाहीतर घराच्या उबेनं खालची जमीन वितळते आणि घर खचतं. आता हवाच तापते आहे. मे २०२० मध्ये नोरिल्स्कजवळ इंधनाची टाकी खचून सुमारे २१ हजार टन डिझेल बाहेर गेलं आणि नद्या लाल झाल्या. तुमच्या तीन मजल्यांच्या चित्रात सगळ्यांना धरून ठेवणारी ही गोठण निळ्या पेनानं काढा, आणि ती तिन्ही मजल्यांतून आरपार जाऊ शकते हे विसरू नका.

पोपिगाय, आणि मग लोणार

एका जागेवर दोन प्रश्न अपुरे पडतील. अनाबारच्या जवळ, ७१.६ अंश उत्तर, १११ अंश पूर्वेला पोपिगाय नावाचं सुमारे शंभर किलोमीटर रुंद विवर आहे. साडेतीन कोटी वर्षांपूर्वी तिथं आकाशातून पाषाण आदळला. इथं ना किंबरलाइट, ना ट्रॅप, तरी हिरे आहेत, बारीक, बहुतेक मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, दागिन्याच्या कामाचे नाहीत पण घासकामासाठी पुरेसे कठीण. तळमजल्यातल्या नाइसमध्ये ग्रॅफाइट होता. आघाताच्या दाबानं क्षणात त्याचा हिरा झाला. म्हणजे इथंही आत काय होतं तेच विचारायचं, फक्त शिलारसाच्या जागी आघात.

आपल्या राज्यात हेच दुसऱ्या बाजूनं बघायला मिळतं. बुलढाण्याचं लोणार सुमारे १.८ किलोमीटर रुंद, आघातानंच झालेलं, पण ते दख्खनच्या बेसाल्टमध्ये. बेसाल्टमध्ये ग्रॅफाइट नाही, म्हणून हिरे नाहीत. तिथं आघातानं फेल्डस्पारची काच झाली, तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. भिंगाखाली बघितलेला तो लांबट पांढुरका फेल्डस्पारच. लोणारला जाल तेव्हा दगड उचलू नका, परिसर संरक्षित आहे. भिंग बरोबर ठेवा, काठावर दगडांचे थर बाहेरच्या बाजूला कसे वाकले आहेत ते चालत बघा, आणि जाण्याआधी पोपिगायचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या, तिथं रेंज मिळेलच असं नाही.